इंजिन ओरडतं, असं सगळे म्हणतात

४ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होतो, पण हल्ली फोनमध्ये दम राहिलेला नाही. समोरचा माणूस विहिरीच्या तळाशी बसून बोलतोय असं वाटतं. दोनदा कंपनी बदलून पाहिली, फरक शून्य. पत्रात तरी माणूस स्पष्ट बोलतो.

विषय गाडीचा. मोटार ट्रेनिंग स्कूल बंद केलं तेव्हा बाकीच्या गाड्या विकल्या आणि ही एक ठेवली, कारण अर्धं शहर हिच्यावर गाडी शिकलं. त्याच अर्ध्या शहराने क्लच वेडावाकडा सोडून सोडून हिच्या गिअरबॉक्सची वाट लावली. गेल्या महिन्यात तिसरा गिअर पडेनासा झाला, तेव्हा मेस्त्रीने दुसरा गिअरबॉक्स बसवला. हात घातलाच आहे तर म्हणून इंजिनखालचे रबरही नवे टाकले. आता गाडी इतकी गुळगुळीत चालते की बसल्या जागी डुलकी लागावी.

पण घोडं पेंड खातंय ते पुढेच. इंजिन ओरडतं, असं सगळे म्हणतात. चिरंजीव कामासाठी इकडे आले होते. त्यांना स्टेशनवरून घरी आणलं, तर उंबऱ्यातच म्हणाले, बाबा, हे इंजिन एक दिवस फुटेल, आणि ते नीट होईपर्यंत माझी भिंगरी या गाडीत बसणार नाही. ज्याला मी गाडी शिकवायला घेतलं आणि जो पहिल्याच दिवशी रडत उतरला तो पुन्हा स्टिअरिंगकडे फिरकला नाही, त्याने मला इंजिन शिकवावं!

पण पोरीचा बाप तो आहे. वर्षभर भिंगरी तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर असते, रोज तुमच्या अंगणात नाचते. माझ्या वाट्याला येते ती मे महिन्याची सुट्टी. दरवर्षी मी स्वतः गाडी घेऊन येतो आणि नातीला घेऊन जातो. यंदा त्याआधी इंजिन गप्प व्हायला हवं. तुम्ही जन्म पाण्याच्या पंपांत घालवलात. यंत्राची नस तुम्हाला कळते. काय करू सांगा.

तुमचा,
मास्तर

१० मार्च

मास्तर, सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. 'यंत्राची नस तुम्हाला कळते' हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सौभाग्यवती तेव्हा स्वयंपाकघरात होत्या, म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

गाडी काय आणि पंप काय, फिरणारं यंत्र सगळं एका जातीचं. माझं निदान असं: गिअरबॉक्स उतरवताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल सोडून बाजूला करावी लागली असणार, आणि परत लावताना ती ताणून बसवली गेली. त्यामुळे तुम्ही पाय उचललात तरी इंजिनाला वाटतं, मास्तर अजून दाबतायत. मेस्त्रीला केबल ढिली करायला सांगा.

तसंच आवाजाचं वर्णन कळवा. घुमतो, की किंचाळतो? चढावर वाढतो, की सपाटीवरही? आमच्या पंपहाऊसला मी दारातून आत येतानाच सांगायचो कुठलं बेअरिंग गेलंय. वर्णनाशिवाय निदान म्हणजे अंधारात तीर.

ता. क. भिंगरीचं नाव इथल्या पोहण्याच्या वर्गात घालून ठेवलं आहे. केवळ सावधगिरी. आम्ही पंपसुद्धा एक नेहमी राखीव ठेवायचो.

आपला,
व्याही

१७ मार्च

व्याहीबुवा,

केबल ढिली केली. परिणाम असा की भर चौकात सिग्नलला गाडी बंद पडली. मागे दहा गाड्या, आणि त्यातल्या निदान चौघांना मीच शिकवलेलं. एक जण खाली उतरून अदबीने म्हणाला, सर, क्लच हळू सोडा. हे माझंच वाक्य. चाळीस वर्षं विकलं, आता फुकट परत आलं.

केबल पुन्हा होती तशी लावली.

आवाजाचं विचारलंत. सौ. म्हणते मिक्सरसारखा. चिरंजीव विमान म्हणाले. शेजारचे वकील म्हणतात, मास्तर, तुम्ही कोपऱ्यावर वळलात की आम्ही चहा ठेवतो. आता मिक्सर, विमान आणि चहा यांतून तुम्हीच काय तो अर्थ काढा. घुमतो की किंचाळतो विचाराल तर दोन्ही लिहून ठेवा.

विशेष म्हणजे मेस्त्री चालवतो तेव्हा सौ. सुद्धा म्हणते की आवाज नाही. दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबते, तसली ही गाडी आहे. मला तर वाटतं तिला त्याचा धाक बसलाय.

आणि एक विचारतो, रागावू नका. तुमच्या सल्ल्याने गाडी चौकात बंद पडते आणि त्याच पत्रात पोरीचं नाव पोहण्याच्या वर्गात जातं. हा योगायोगच ना?

मास्तर

२४ मार्च

मास्तर,

आपला संशय वाचून दोन दिवस लेखणी उचलली नाही. मी एका शहराला पाणी पाजलेला माणूस आहे. एका मुलीच्या सुट्टीसाठी इंजिनाशी बेइमानी करणार नाही. ती इथे राहिली तर मला आनंद होईल, हे खरं. तो आनंद मी लपवतो, हेही खरं. पण निदान मी प्रामाणिकपणेच करतो.

आता नीट वाचा. इंजिन जोरात फिरतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही, याची कारणं दोनच. एक तर क्लच घसरतोय. त्याची परीक्षा सोपी: गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच उत्तम. फिरत राहिलं तर घसरतोय.

दुसरं म्हणजे मेस्त्रीने आपल्या गाडीत मालवाहू टेम्पोचा गिअरबॉक्स घातला असेल. बाहेरून दोन्ही सारखे, आतले दात वेगळे. टेम्पोला ओढायचं असतं, पळायचं नसतं, म्हणून तिथे इंजिन जास्त फिरतं. बॉक्सवरचा नंबर ताडून घ्या. माझा कौल याच्यावर आहे. मेस्त्री लोकांना मी पुरता ओळखून आहे.

आपला,
व्याही

३० मार्च

व्याहीबुवा,

क्लच उत्तम आहे. इंजिन बंद पडलं. फक्त त्याआधी गाडीने एक उडी मारली, कारण आमचा हँडब्रेक नावापुरता आहे, आणि समोर सौ.च्या कुंड्या होत्या. होत्या हा शब्द विचारपूर्वक लिहिला आहे. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. बोलत असली तर मला पत्ता नाही.

नंबरही ताडला. बॉक्स आमच्याच गाडीचा निघाला. टेम्पोचं नाव काढल्यावर मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि मला हात जोडले. वीस वर्षांत हा माणूस असा वागला नव्हता. म्हणाला, मास्तर, गाडीला काहीही झालेलं नाही, आता मी काय उघडू? चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखं झालं. मी त्याची माफी मागितली.

मला विचाराल तर मला जुना बॉक्सच बरा वाटायचा. त्याचा गिअरचा दांडा हातात गुरगुरायचा. मी पोरांना शिकवायचो, डोळे रस्त्यावर, गिअर कानाने. पण शेवटची काही वर्षं मला कानही लावावा लागत नव्हता. दांड्यावर तळहात ठेवला की तो सांगायचा, बस झालं, पुढचा टाका. हा नवा दांडा मुका आहे. हात वाट बघत बसतो आणि काही येतच नाही.

एप्रिल उजाडतोय. मागच्या सीटला मी नवं कव्हर शिवून आणलंय, खिडकीच्या बाजूला उशी ठेवली आहे. पोरगी आली नाही तर ती उशी मी कुणाच्या डोक्याखाली देऊ?

मास्तर

२ एप्रिल

व्याहीबुवांना नमस्कार.

मी मास्तरांच्या घरून लिहिते आहे. हे पत्र त्यांना कळता कामा नये. ते दुपारी झोपतात तेवढ्यात लिहून टाकते. हळू लिहायची तशी गरज नाही, भांडी पडली तरी ते उठत नाहीत.

आमच्याकडे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय. गाडी चांगली आहे. यांना ऐकू येत नाही. दारावरची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी येत नाही, टीव्ही इतका मोठा की वकिलांकडे वेगळा लावावा लागत नाही. जुन्या गिअरबॉक्सचा दांडा थरथरायचा म्हणून भागून गेलं. आता थरथरत नाही, तर हे दुसऱ्या गिअरमध्ये अख्खं गाव फिरून येतात. इंजिन बिचारं कंठ फुटेस्तोवर ओरडतं, आणि हे मला म्हणतात, बघ, लोण्यासारखी चालते.

मी सांगून पाहिलं. आधी म्हणाले तू पुटपुटतेस. मग म्हणाले सगळं जगच पुटपुटतं. मग जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले. मुलगा घाबरतो. मेस्त्री त्यांना मानतो, तो तोंड उघडणार नाही. तुम्ही व्याही आहात. तुमच्यावर ते डाफरू शकत नाहीत, नात्याचीच अडचण आहे. या, गाडीत बसा, आणि एकदाचं सांगा. नात आली नाही तर यांचं वर्ष सुनं जाईल. आणि असं चालवत राहिले तर एक दिवस नको ते होईल, ही भीती मला रोज वाटते.

विहीण

१४ एप्रिल

विहीणबाईंना,

आपल्याकडे चार दिवस राहून आलो. पाहुणचाराबद्दल आभार मानायला हे पत्र आहे असं मास्तरांना सांगा.

आपण म्हणालात ते शब्दशः खरं. शहराबाहेरच्या रस्त्याला लागलो, गाडी दुसऱ्यात, इंजिनाचा असा आक्रोश की गुरं बिथरली, आणि मास्तर मला निवांतपणे सांगत होते की वळणावर घाई करणाऱ्याचं शिक्षण कच्चं असतं. मी म्हणालो, मास्तर, गिअर बदला. उत्तर नाही. जरा मोठ्याने म्हणालो. त्यांनी हसून मान डोलावली. ती मान मी ओळखली. न ऐकलेल्या वाक्याला माणूस अशीच मान डोलावतो.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण ते इतक्या आनंदात चालवत होते की मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शहराला पाणी पुरवलं, एका माणसाला एक वाक्य पुरवता आलं नाही. शेवटी घरी आल्यावर म्हणालो की या नव्या बॉक्सला आरपीएमचा मीटर लागतो, इंजिन किती फिरतंय ते काटा दाखवतो, काटा वर गेला की गिअर बदलायचा. त्यांनी लगेच मान्य केलं. जे कानांना कळत नाही ते डोळ्यांना कळेल, असा माझा हिशोब. भित्र्या माणसाचा हिशोब आहे, पण चालेल असं वाटतं.

आपल्याला एक कबूल करतो. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. हे मास्तरांना कळलं नाही तर बरं.

व्याही

२३ एप्रिल

व्याहीबुवा,

मीटर बसवला. पहिले दोन दिवस झकास. काटा वर गेला, गिअर बदलला, सौ. म्हणाली मिक्सर बंद झाला. तिसऱ्या दिवशी काट्याकडे बघता बघता मी आमच्याच गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाला धडक दिली. माणसाला लागलं नाही. तो मागच्या बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होता. टेबल मोडलं आणि वकिलांचा काळा कोट चाकाखाली आला.

इस्त्रीवाला मला म्हणाला, मास्तर, मी ओरडलो हो. दोनदा ओरडलो.

मी काहीच ऐकलं नव्हतं.

त्याला टेबल नवं करून दिलं आणि तसाच मेस्त्रीकडे गेलो. त्याला म्हटलं, तू चालव, मी शेजारी बसतो, आणि मी सांगेपर्यंत दुसरा गिअर सोडू नकोस. काटा वर वर गेला. पार लाल पट्ट्यात गेला. मी डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. लांब कुठेतरी कुणीतरी शिलाईमशीन चालवतंय, एवढंच. मी विचारलं, आत्ता इंजिन ओरडतंय का? मेस्त्रीने होकारार्थी मान हलवली. त्याने गाडी बाजूला घेतली. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच लपवत नाही.

तुम्हाला हे त्या दिवशी गाडीतच कळलं होतं, हे आता मला कळतंय. सांगितलं नाहीत याचा राग आहे. सांगितलं असतंत तर जास्त राग आला असता, म्हणून तो राग कुठे ठेवावा समजत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कान माझे आणि दोन महिने उघडतोय गाडी.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. यंत्र सांगितलंय, पुढच्या आठवड्यात मिळेल. पण भिंगरीला पोहायला पाठवा. चिरंजीवांची अट होती तेव्हा मी भांडत होतो. आता ही माझी अट आहे. या माणसाच्या गाडीत मी माझी नात बसवणार नाही.

मास्तर

२७ एप्रिल

मास्तर,

पत्र तीनदा वाचलं, या वेळी मनात.  मी घाबरलो, हा माझा दोष. त्या टेबलाशी माणूस उभा असता तर तो दोष केवढा झाला असता, या विचाराने मला झोप नाही. मला माफ करा.

पोहण्याच्या वर्गातलं नाव काढून टाकलं आहे. चिडू नका, पूर्ण वाचा. आपण कुणालाही परीक्षेशिवाय लायसन्स मिळू दिलं नाहीत, तेव्हा आपणही परीक्षा द्या. यंत्र कानात घालून आठवडाभर मेस्त्रीला शेजारी बसवून चालवा. तो म्हणाला पास, तर पास. त्यानंतर इकडे या, मला शेजारी बसवून गाडी चालवा, मी दुसरा परीक्षक. मला गाडी अजिबात चालवता येत नाही, आजवर कधी सांगितलं नाही, त्यामुळे माझ्याकडून पक्षपात व्हायची भीती नाही. मला फक्त आवाज कळतो, आणि इथे तेवढंच लागणार आहे.

नापास झालात तर भिंगरी बसने येईल आणि तिच्यासोबत मी येईन. काही झालं तरी सुट्टीत ती आपल्याकडेच असेल. वर्षभर ती माझ्या अंगणात असते. एवढं मला परवडतं.

आपला,
व्याही

१२ मे

व्याहीबुवा,

पोचलो. पास केलंत त्याचं प्रशस्तिपत्रक सौ.ने दाराला लावायचं म्हटलं, मी लावू दिलं नाही. चाळीस वर्षं गाडी शिकवलेल्या माणसाला पास करणारा परीक्षक सायकलसुद्धा हातात धरून ढकलत नेतो, हे गावाला कळलं तर माझी काय शोभा.

यंत्राचं म्हणाल तर पहिले दोन दिवस भीक नको पण कुत्रा आवर असं झालं. वर्तमानपत्राची घडी केली की कुणीतरी पत्रा फाडतंय असं वाटायचं. सौ. पुटपुटत नाही, हेही समजलं. ती चांगली खणखणीत बोलते, आणि गेली काही वर्षं माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलत आली आहे. एकेक ऐकतोय.

पण तुम्हाला लिहायला बसलो ते येतानाच्या प्रवासाबद्दल. भिंगरी मागे उशीला टेकून बसली. तुमचं घर मागे पडलं, मी दुसऱ्यातून तिसरा टाकला, तिसऱ्यातून चौथा. इंजिनाने सांगितलं आणि मी टाकला, काट्याकडे पाहिलंही नाही. मन कसं भरून आलं होतं. आणि मागून आवाज यायला लागला. बारीक, न थांबणारा. तिच्या वर्गातली मैत्रीण तिच्याशी का बोलत नाही. तुमच्या अंगणातल्या मांजरीला पिल्लं कुठे झाली. ढग कुठून सुरू होतात. मी गाडी चालवत एकेकाचं उत्तर देत होतो. मैत्रिणीला तूच आधी हाक मार म्हटलं. ढगांचं मला येत नाही, ते तुमच्यावर ढकललं.

मग ती एकदम गप्प झाली. मी आरशातून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "आज तुम्ही उत्तरं देताय."

मी विचारलं, म्हणजे? तर म्हणते, दर सुट्टीत मी रस्ताभर तुम्हाला सगळं सांगते, तुम्ही काहीच बोलत नाही. आई म्हणाली, आजोबा गाडी चालवताना बोलत नसतात.

व्याहीबुवा, मी तिला शांत पोरगी समजत होतो. आल्या-गेल्याला कौतुकाने सांगायचो, आमची नात गाडीत अजिबात त्रास देत नाही. दरवर्षी ती मागे बसून अख्खं वर्ष मला सांगत होती, आणि मी पुढे बसून वळणांचा विचार करत होतो.

गाडी झाडाखाली बाजूला घेतली. टायर बघतो म्हणून उतरलो आणि चारही टायर बघितले, एकेकाला वेळ लावून. मग आत बसलो, यंत्र कानात नीट बसवलं आणि तिला म्हटलं, गेल्या वर्षीचं आधी सांग. पहिल्यापासून सांग, मला घाई नाही.

मास्तर